यंत्रदोषापासून निद्रोपचारापर्यंत : ‘गुलाबी रव’ या संकल्पनेचा ऐतिहासिक आढावा

सारांश :
‘पिंक नॉइज’ अर्थात ‘गुलाबी रव’ ही संज्ञा आज झोप आणि विश्रांतीच्या साधनांच्या संदर्भात सर्रास वापरली जाते. मात्र या संकल्पनेचा उगम निद्राविज्ञानात नसून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील विद्युत्-अभियांत्रिकीत आहे. निर्वात नलिकांमधील एक दोष म्हणून नोंदला गेलेला हा रव पुढे भौतिकशास्त्रातील कोडे, संगीतातील सौंदर्यतत्त्व, बाजारातील विक्रीयोग्य वस्तू आणि अखेरीस निद्रासंशोधनातील साधन अशा अवस्थांतून गेला. प्रस्तुत निबंधात या प्रवासाचे टप्पे कालानुक्रमे मांडले असून, प्रत्येक टप्प्यावर मूळ शोधाचा अर्थ कसा बदलत गेला याची चिकित्सा केली आहे. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट आणि ग्राहकाला सांगितली जाणारी गोष्ट यांत आज जे अंतर दिसते, त्याची कारणे या इतिहासातच सापडतात, असे निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : गुलाबी रव, श्वेत रव, मंदतरंग निद्रा, ध्वनिआच्छादन, विज्ञानाचा इतिहास.

१. प्रस्तावना

वाहत्या पाण्याच्या आवाजाने झोप लागते, हा अनुभव फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने आपल्या वैद्यकविषयक ग्रंथात झोप न लागणाऱ्या रुग्णासाठी जे उपाय सांगितले आहेत, त्यांत जवळच पडणाऱ्या पाण्याच्या धारेचा आवाज आणि टांगलेल्या बिछान्याचा मंद झोका यांचा समावेश आहे. पाळणा हलवीत एकसुरी अंगाई म्हणणाऱ्या आपल्याकडील मातांनाही हे तत्त्व कोणत्याही ग्रंथाशिवाय ठाऊक होते. कौलांवर पडणारी पावसाची संततधार, घरघरणारा पंखा, रात्रीच्या रेल्वेप्रवासातील एकसारखी खडखड यांनी डोळा लागतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे.

या अनुभवाला ‘गुलाबी रव’ हे शास्त्रीय नाव मिळाले ते मात्र अगदी अलीकडे, आणि तेही वेगळ्याच वाटेने. ज्या संशोधकांनी या रवाचा प्रथम अभ्यास केला, त्यांच्यासमोर झोपेचा प्रश्न नव्हता. दूरध्वनीच्या आणि रेडिओच्या यंत्रांतील नको असलेली खरखर कशी घालवावी, हा त्यांचा प्रश्न होता. जी गोष्ट दूर करण्यासाठी अभ्यासली गेली, तीच पुढे मुद्दाम निर्माण करून उशाशी ठेवण्याची वस्तू कशी झाली, हा या निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) गुलाबी रवाच्या संकल्पनेचा भौतिकशास्त्रीय उगम स्पष्ट करणे.
(२) या संकल्पनेचा विश्रांती व सौंदर्य यांच्याशी संबंध कसा जोडला गेला, हे पाहणे.
(३) निद्रासंशोधनातील तिच्या वापराचा आढावा घेणे.
(४) उपलब्ध पुराव्यांच्या आधारे आजच्या दाव्यांचे मूल्यमापन करणे.

२. संकल्पनेचे स्वरूप

इतिहासाकडे वळण्यापूर्वी संज्ञेचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. ज्या ध्वनीत ऐकू येणाऱ्या सर्व वारंवारिता एकाच वेळी व अनियमितपणे मिसळलेल्या असतात, त्याला अभियांत्रिकीत रव किंवा गोंगाट म्हणतात. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग असतात, त्या उपमेवरून ज्या रवात प्रत्येक हर्ट्झमागे सारखीच शक्ती असते त्याला ‘श्वेत रव’ असे नाव पडले. कोणतेही केंद्र न लागलेल्या जुन्या रेडिओची फसफस हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय.

गुलाबी रवात ही शक्ती वारंवारितेच्या व्यस्त प्रमाणात असते. वारंवारिता दुप्पट झाली की प्रत्येक हर्ट्झमागील शक्ती निम्मी होते. म्हणजे दर सप्तकाला ती सुमारे ३ डेसिबलने उतरते. संगीताच्या परिभाषेत हे अधिक सोपे होते. मध्य षड्ज २४० हर्ट्झवर धरला, तर मध्य सप्तक २४० ते ४८० हर्ट्झपर्यंत, तार सप्तक ४८० ते ९६० हर्ट्झपर्यंत आणि मंद्र सप्तक १२० ते २४० हर्ट्झपर्यंत पसरते. श्वेत रवात तार सप्तकाच्या वाट्याला मध्य सप्तकाच्या दुप्पट शक्ती येते, कारण त्याचा विस्तारच दुप्पट आहे. म्हणून तो कानाला कर्कश वाटतो. गुलाबी रवात मंद्र, मध्य आणि तार या तिन्ही सप्तकांना शक्तीचा समान वाटा मिळतो. मानवी कान स्वरांतील अंतर हर्ट्झच्या वजाबाकीने नव्हे, तर पटींच्या हिशोबाने ओळखतो. त्यामुळे हा रव समतोल व सौम्य भासतो. दृश्य प्रकाशात कमी वारंवारितेच्या टोकाला लाल रंग असतो; खालच्या वारंवारितांकडे झुकलेला हा रव म्हणून ‘गुलाबी’ ठरला.

याच मालिकेतील ‘ब्राउन नॉइज’ या संज्ञेविषयी एक गैरसमज येथे दूर करणे उचित ठरेल. त्यात दर सप्तकाला शक्ती सुमारे ६ डेसिबलने उतरते. हे नाव तपकिरी रंगावरून आलेले नाही. १८२७ मध्ये पाण्यातील सूक्ष्म कणांची अनियमित हालचाल अभ्यासणारे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांच्या नावावरून ते आले आहे. त्याचे ‘तपकिरी रव’ असे भाषांतर करणे म्हणूनच मुळाला धरून होत नाही.

३. यंत्रातील दोष : १९१८ ते १९३६

पहिल्या महायुद्धाच्या काळात दूरध्वनी व बिनतारी संदेशवहनासाठी निर्वात नलिकांचा वापर वाढला. क्षीण संदेश कितीही पटींनी मोठा करता येईल, अशी अपेक्षा या नलिकांनी निर्माण केली होती. १९१८ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर शॉट्की यांनी या अपेक्षेला मर्यादा असल्याचे दाखविले. विद्युत्-प्रवाह हा अखंड ओघ नसून सुट्या सुट्या इलेक्ट्रॉनांचा वर्षाव आहे. त्यामुळे प्रवाहात सूक्ष्म चढउतार अटळ असतात आणि संदेशाबरोबर तेही मोठे होतात. शॉट्की यांच्या गणितानुसार हा रव सर्व वारंवारितांवर सारखा, म्हणजे आजच्या भाषेत श्वेत असायला हवा होता.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे संशोधक जॉन बर्ट्रांड जॉन्सन यांनी हा सिद्धान्त प्रत्यक्ष मोजमापाने तपासला. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एक अनपेक्षित निरीक्षण होते. उच्च वारंवारितांवर मापे सिद्धान्ताशी जुळत होती; परंतु वारंवारिता जसजशी कमी करावी तसतसा रव अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वाढत होता. या अतिरिक्त रवाला दिव्याच्या लुकलुकण्यावरून ‘फ्लिकर’ असे नाव मिळाले. १९२६ मध्ये शॉट्की यांनी त्याचे स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न केला : नलिकेतील तप्त पृष्ठभागावर परके अणू येत-जात असावेत आणि त्यामुळे इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जन मंदगतीने बदलत असावे. १९२८ मध्ये जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट यांनी वाहकातील उष्णताजन्य रवाचे नियम सिद्ध केले. तो रव श्वेत होता आणि त्याचे कारण समजले होते. फ्लिकर रवाचे कोडे मात्र शिल्लक राहिले.

हे कोडे केवळ नलिकांपुरते नव्हते. १९३६ मध्ये बेल प्रयोगशाळेतीलच क्रिस्टेन्सन व पिअर्सन यांनी दूरध्वनीच्या कार्बन मायक्रोफोनमध्ये आणि तत्सम कणमय वाहकांतही असाच, कमी वारंवारितांकडे वाढत जाणारा रव असल्याचे दाखविले. पुढे अर्धवाहकांतही तो आढळला. यंत्र कोणतेही असो, पदार्थ कोणताही असो, हा रव हजर असे. एका विशिष्ट यंत्राचा दोष म्हणून सुरू झालेला विषय येथे निसर्गाच्या एका व्यापक प्रवृत्तीचा प्रश्न बनला.

याच काळात बेल प्रयोगशाळेत श्रवणाचा अभ्यासही चालू होता. एक ध्वनी दुसऱ्या ध्वनीला कसा झाकतो, यावर वेगेल आणि लेन यांनी १९२४ मध्ये संशोधन प्रसिद्ध केले होते. १९४० मध्ये हार्वे फ्लेचर यांनी कान ध्वनीचे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यांत पृथक्करण करतो, ही कल्पना मांडली. एखादा आवाज झाकायचा असेल, तर त्याच्या आसपासच्या पट्ट्यातील रवच उपयोगी पडतो, हे त्यातून निष्पन्न झाले. ध्वनिआच्छादनाचे हे तत्त्व पुढील सर्व निद्रासाधनांचा पाया ठरले.

४. कोड्यापासून सौंदर्यतत्त्वापर्यंत : १९५१ ते १९८७

वारंवारितेच्या व्यस्त प्रमाणात उतरणारे चढउतार विद्युत्-यंत्रांबाहेरही आहेत, याची जाणीव दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. इजिप्तमध्ये दीर्घकाळ काम केलेले ब्रिटिश जलशास्त्रज्ञ हॅरल्ड एडविन हर्स्ट यांनी १९५१ मध्ये नाईल नदीच्या शेकडो वर्षांच्या नोंदींच्या आधारे दाखविले की, पुराची व दुष्काळाची वर्षे नाणेफेकीप्रमाणे विखुरलेली नसतात. ती दीर्घ गटांनी येतात. १९६८ मध्ये बेनोआ मँडेलब्रॉट व जॉन व्हॅन नेस यांनी अशा ‘दीर्घ स्मृती’ असलेल्या प्रक्रियांचे गणिती प्रारूप मांडले. गुलाबी रव त्याच कुळातला आहे.

संकल्पनेला सांस्कृतिक वळण देणारी घटना १९७५ मध्ये घडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील रिचर्ड व्हॉस आणि जॉन क्लार्क यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात संगीत व भाषण यांतील चढउतारांवर लेख प्रसिद्ध केला. रेडिओवरून प्रसारित होणाऱ्या संगीताचा व बोलण्याचा त्यांनी अभ्यास केला. ध्वनीची तीव्रता आणि स्वराची उंची काळानुसार ज्या रीतीने बदलते, त्या बदलांचा वर्णपट गुलाबी असल्याचे त्यांना आढळले. १९७८ च्या एप्रिल महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या लोकप्रिय सदरात हा विषय मांडला. श्वेत क्रमाने रचलेले सूर अगदी विस्कळीत वाटतात, ब्राउन क्रमाने रचलेले सूर फारच एकमार्गी वाटतात आणि गुलाबी क्रम या दोहोंच्या मध्ये रुचतो, हा विचार त्यामुळे सामान्य सुशिक्षित वाचकापर्यंत पोहोचला.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. संगीत हे गुलाबी रव आहे, असे व्हॉस आणि क्लार्क यांनी म्हटलेले नव्हते. संगीतातील मंद बदल त्या नियमाने होतात, एवढेच त्यांचे प्रतिपादन होते. गुलाबी रव ऐकला असता संगीतासारखा वाटत नाही. तो धबधब्यासारखा एकसारखा घोष असतो. पुढील काळात ‘निसर्ग गुलाबी आहे, संगीत गुलाबी आहे, म्हणून गुलाबी रव मनाला शांत करतो’ असा जो युक्तिवाद रूढ झाला, त्यात ध्वनीचा स्वतःचा वर्णपट आणि ध्वनीतील मंद चढउतारांचा वर्णपट या दोन भिन्न गोष्टी एकत्र मिसळल्या गेल्या.

जपानमध्ये हा विचार सर्वाधिक फोफावला. टोकियोतील तंत्रविज्ञान संस्थेचे तोशिमित्सु मुशा यांनी १९७६ मध्ये द्रुतगती मार्गावरील वाहतुकीत, तर १९८२ मध्ये कोबायाशी यांच्यासह हृदयाच्या ठोक्यांमधील अंतरात असे चढउतार दाखविले. १९७७ मध्ये या विषयावर टोकियोत परिसंवादही झाला. ‘युरागी’ म्हणजे चढउतार किंवा डोलणे, हा जपानी शब्द त्यानंतर आल्हाददायकतेचा पर्याय बनला आणि विजेच्या पंख्यांसारख्या गृहोपयोगी वस्तूंच्या जाहिरातींतही तो आला. येथे तरी चढउतार वाऱ्याच्या वेगात असल्याने मूळ अर्थाशी नाते टिकून होते. पण शास्त्रीय संज्ञा हीच वस्तूच्या गुणवत्तेची हमी समजली जाण्याची प्रथा याच काळात दृढ झाली. १९८७ मध्ये पेर बाक, चाओ टँग व कर्ट वीसेनफेल्ड यांनी ‘स्वयंसंघटित क्रांतिकता’ या सिद्धान्ताद्वारे या रवाचे सार्वत्रिक स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न केला. तरीही सर्व क्षेत्रांतील गुलाबी चढउतारांचे एकच कारण आहे, असे आजही सिद्ध झालेले नाही.

५. निद्रेची बाजारपेठ : १९६२ नंतर

भौतिकशास्त्रज्ञांच्या या चर्चेशी संबंध नसलेला एक प्रवाह समांतर वाहत होता. १९६२ मध्ये अमेरिकेत जेम्स बकवॉल्टर यांनी ‘स्लीप-मेट’ नावाचे उपकरण बाजारात आणले. छिद्रे असलेल्या गोल डब्यात एक छोटा पंखा, एवढीच त्याची रचना होती. वातानुकूलन यंत्राच्या सततच्या आवाजात बाहेरचे आवाज ऐकू येत नाहीत, हे ध्यानात घेऊन ते तयार झाले होते. यात कोणत्याही रंगाच्या रवाचा दावा नव्हता. दाव्याचा आधार आच्छादन हाच होता.

१९६९ मध्ये आर्व्हिंग टायबेल यांनी ‘एन्व्हायरन्मेंट्स’ या ध्वनिमुद्रिका-मालिकेचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्याच्या एका बाजूवर समुद्रकिनाऱ्याचा ध्वनी होता. तो मात्र जसाच्या तसा नव्हता. मूळ ध्वनिमुद्रणावर संगणकाच्या साहाय्याने प्रक्रिया करून तो अधिक ‘आदर्श’ बनविण्यात आला होता. या मालिकेचे ११ भाग १९७९ पर्यंत निघाले. निसर्गाचा आवाज ही यंत्राने सुधारून विकण्याची वस्तू होऊ शकते, हे या मालिकेने दाखवून दिले.

वैद्यकीय क्षेत्रात या साधनांना आधार मिळाला तो नवजात बालकांवरील एका अभ्यासाने. १९९० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी २ ते ७ दिवसांच्या ४० बालकांवर श्वेत रवाचा प्रयोग केला. रव ऐकविलेल्या २० पैकी १६ बालके पाच मिनिटांत झोपली. रव न ऐकविलेल्या गटात हे प्रमाण केवळ २५ टक्के होते. हा निष्कर्ष फार मोठ्या प्रमाणावर उद्धृत झाला. तथापि झोप लवकर लागणे आणि झोप चांगली होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद प्रसारात हरवला.

६. निद्राविज्ञानाचा प्रवेश : १९२९ ते २०१९

झोपेची प्रत मोजता येऊ लागली ती मेंदूच्या विद्युत्-आलेखामुळे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युत्-तरंगांवरील आपला पहिला निबंध १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील आल्फ्रेड लूमिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेच्या अवस्थांचे वर्गीकरण केले. झोपलेल्या माणसाजवळ आवाज केला असता तो जागा न होताही त्याच्या मेंदूत एक मोठा तरंग उमटतो, हेही त्यांनी नोंदविले. झोपेत कान बंद होत नाहीत आणि आवाजाने मेंदूच्या तरंगांना धक्का देता येतो, या दोन्ही गोष्टी अशा रीतीने पाऊण शतकापूर्वीच ज्ञात झाल्या होत्या. १९५३ मध्ये युजीन अॅसेरिन्स्की व नॅथानिएल क्लाइटमन यांनी शीघ्र नेत्रचलन निद्रेचा शोध लावला. १९९३ मध्ये मिर्चा स्टेरियाड यांनी गाढ झोपेत मेंदूच्या पेशी सेकंदाला एकाहून कमी आवर्तनांच्या लयीत एकत्र सक्रिय व शांत होतात, हे मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले.

ही मंद लय स्मृतीशी निगडित आहे का, हा पुढचा प्रश्न होता. २००६ मध्ये ल्यूबेक येथील लिसा मार्शल, यान बोर्न आणि सहकाऱ्यांनी झोपेत कवटीवरून अत्यंत सौम्य विद्युत्-प्रवाह देऊन ही लय वाढविली आणि त्यामुळे आदल्या रात्री पाठ केलेले शब्द अधिक आठवतात, असे दाखविले. २०१३ मध्ये हाँग-व्हिएत न्गो, बोर्न, मोले आणि मार्टिनेट्झ यांनी विजेऐवजी ध्वनीचा उपयोग केला. त्यांनी निवडलेला ध्वनी होता गुलाबी रव. परंतु तो रात्रभर चालणारा नव्हता. प्रत्येक झंकार केवळ ५० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा होता. मेंदूचा तरंग कोणत्या क्षणी वर चढणार, हे संगणक सतत पाहत असे आणि नेमक्या त्या क्षणी झंकार सोडला जाई. ११ व्यक्तींवरील या प्रयोगात मंद लय बळावली व शब्दस्मरण सुधारले. तरंगाशी न जुळणाऱ्या क्षणी तोच झंकार दिला असता लाभ झाला नाही. झोक्याला योग्य क्षणी दिलेला धक्का आणि अवेळी दिलेला धक्का यांतील फरकासारखाच हा फरक होय. म्हणजे परिणामाचे श्रेय रवाच्या रंगाला नव्हे, तर त्याच्या वेळेला होते.

२०१७ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ६० ते ८४ वयोगटातील १३ व्यक्तींवर याच पद्धतीचा प्रयोग झाला. खरा उपचार मिळालेल्या रात्रीनंतर सकाळच्या शब्दस्मरणातील सुधारणा लटक्या उपचाराच्या रात्रीपेक्षा तिप्पटीहून अधिक आढळली. वार्धक्यातील स्मृतिऱ्हासावर सोपा इलाज सापडल्याची आशा त्यामुळे निर्माण झाली. मात्र न्गो व सहकाऱ्यांनी २०१५ मध्येच दाखविले होते की, झंकारांची संख्या वाढविली म्हणून लाभ वाढत नाही; मेंदू स्वतःच या लयीला मर्यादा घालतो. २०१९ मध्ये सायमन हेनिन व सहकाऱ्यांना तरंग वाढलेले आढळले, परंतु स्मृती सुधारलेली आढळली नाही.

रात्रभर चालणाऱ्या अखंड गुलाबी रवाचा अभ्यास हा वेगळा प्रवाह आहे. २०१२ मध्ये पेकिंग विद्यापीठातील संशोधकांनी अखंड गुलाबी रवामुळे मेंदूच्या तरंगांची जटिलता कमी होऊन स्थिर झोपेचा काळ वाढतो, असा निष्कर्ष मांडला. लोकप्रिय लेखनात २०१२, २०१३ आणि २०१७ चे हे अभ्यास एकाच दमात सांगितले जातात. वास्तविक पहिल्यात अखंड घोष आहे, तर उरलेल्या दोहोंत क्षणिक व नेमके झंकार आहेत. घरी उशाशी लावलेल्या साध्या ध्वनियंत्राला मेंदूचा तरंग दिसत नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगांचे यश त्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

७. पुराव्यांचे मूल्यमापन

गेल्या काही वर्षांत या विषयावरील संशोधनाचे एकत्रित आढावे निघाले आहेत. २०२१ मध्ये रीडी, बास्नर आदींनी झोपेसाठी अखंड रव वापरण्यासंबंधीच्या ३८ अभ्यासांचा आढावा घेतला. रवामुळे झोप सुधारते याला मिळणारा पुरावा अत्यंत कमी प्रतीचा असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता. २०२२ मध्ये कॅपेझुटी व सहकाऱ्यांनी ३४ अभ्यास तपासले. त्यांत श्वेत रवाच्या सुमारे एक-तृतीयांश प्रयोगगटांत, तर गुलाबी रवाच्या ११ पैकी ९ गटांत अनुकूल परिणाम नोंदले गेले होते. ही संख्या आकर्षक असली तरी गट थोडे व लहान आहेत. शिवाय ‘गुलाबी रव’ या एका शीर्षकाखाली झंकार आणि घोष एकत्र मोजले जाण्याचा धोका अशा प्रत्येक बेरजेत असतो.

२०२६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील माथिआस बास्नर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. २५ निरोगी प्रौढांना सात रात्री प्रयोगशाळेत झोपवून विमानांचा आवाज, गुलाबी रव, दोन्ही एकत्र आणि कानांत बोळे अशा स्थितींची तुलना करण्यात आली. विमानांच्या आवाजाने गाढ झोप रात्रीमागे सुमारे २३ मिनिटांनी कमी झाली. केवळ ५० डेसिबलच्या गुलाबी रवाने शीघ्र नेत्रचलन निद्रा सुमारे १९ मिनिटांनी घटली. कानांतील बोळ्यांनी मात्र आवाजापासून होणारी हानी बव्हंशी टाळली. आवाजावर दुसरा आवाज घालण्यापेक्षा आवाज अडविणे श्रेयस्कर, असा याचा सरळ अर्थ होतो. हे निरोगी व अशा रवाची सवय नसलेल्या व्यक्तींविषयीचे निष्कर्ष आहेत. सवय असलेल्यांना किंवा निद्रानाशाच्या रुग्णांना ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

बालकांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. २००३ मध्ये एडवर्ड चँग व मायकेल मर्झेनिक यांनी अखंड श्वेत रवात वाढविलेल्या उंदरांच्या पिलांमध्ये मेंदूतील श्रवणकेंद्राची परिपक्वता लांबल्याचे दाखविले. २०१४ मध्ये कॅनडातील संशोधकांनी बालकांसाठी विकल्या जाणाऱ्या १४ ध्वनियंत्रांची मोजणी केली. पूर्ण आवाजावर ३० सेंटिमीटर अंतरावर सर्वच यंत्रांनी रुग्णालयांतील नवजात कक्षासाठी शिफारस केलेली ५० डेसिबलची मर्यादा ओलांडली आणि तीन यंत्रे ८५ डेसिबलच्याही पुढे गेली. ज्या साधनाने मूल पाच मिनिटांत झोपते, तेच साधन आवाजाची पातळी व अंतर यांचे भान न ठेवल्यास त्याच्या कानांना अपायकारक ठरू शकते.

या चर्चेला सामाजिक बाजूही आहे. भारतात २००० साली ध्वनिप्रदूषण नियम लागू झाले. त्यांनुसार निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयात गोंगाटापासून मुक्त जीवनाचा संबंध राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी जोडला. शांत रात्र हा नागरिकाचा हक्क मानला, तर त्याच्या रक्षणाची जबाबदारी समाजावर व शासनावर येते. उशाशी रवयंत्र ठेवून घेणे हा उपाय मानला, तर ती जबाबदारी नकळत झोपणाऱ्या माणसावर ढकलली जाते. महामार्गालगत किंवा रेल्वेरुळांशेजारी राहणाऱ्या कुटुंबाला आच्छादनाचा तात्पुरता आधार मिळू शकेल. परंतु तो शांततेचा पर्याय होऊ शकत नाही.

८. निष्कर्ष

(१) गुलाबी रवाची संकल्पना १९२५ च्या सुमारास यंत्रातील अनाकलनीय दोष म्हणून पुढे आली. झोपेशी तिचा मूलतः संबंध नव्हता.

(२) १९७५ नंतर संगीत, निसर्ग व शरीर यांतील चढउतारांशी तिचे साम्य दिसल्याने तिला सौंदर्याचे व स्वास्थ्याचे वलय प्राप्त झाले. त्यात ध्वनीचा वर्णपट व चढउतारांचा वर्णपट यांची गल्लत झाली.

(३) झोपेसाठी रवाचा व्यापारी वापर १९६२ पासून आच्छादनाच्या तत्त्वावर सुरू झाला. ‘गुलाबी’ हे विशेषण त्याला नंतर चिकटले.

(४) निद्राविज्ञानातील भरीव निष्कर्ष मेंदूच्या तरंगांशी जुळविलेल्या क्षणिक झंकारांविषयीचे आहेत. तेही लहान गटांवरील असून स्मृतीच्या बाबतीत एकमुखी नाहीत.

(५) अखंड गुलाबी रवाने झोप सुधारते, हा दावा आजच्या पुराव्यांवर निर्विवाद ठरत नाही. मोठ्या आवाजात, विशेषतः बालकांसाठी, तो अहितकारक होऊ शकतो.

९. समारोप

पडत्या पाण्याच्या आवाजाने रुग्णाला झोप यावी, अशी सेल्ससची सूचना आणि रात्रभर चालणारे आजचे ध्वनियंत्र यांच्यामध्ये सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे. या काळात पाण्याच्या आवाजाचे मोजमाप झाले, त्याला गणिती सूत्र मिळाले आणि रंगाचे नावही मिळाले. परंतु सूत्र मिळाले म्हणून औषधी गुण सिद्ध झाला, असे होत नाही. एका शास्त्रातील संज्ञा दुसऱ्या शास्त्रात आणि तेथून बाजारात जाताना तिचा मूळ अर्थ मागे राहतो आणि तिची प्रतिष्ठा तेवढी पुढे जाते, हे गुलाबी रवाच्या इतिहासातून स्पष्ट दिसते. विज्ञानाच्या अध्यापनात शोधाबरोबर शोधाच्या मर्यादाही शिकविणे म्हणूनच अगत्याचे आहे. ज्याला पावसाच्या आवाजात झोप लागते, त्याने ती सुखाने घ्यावी. मात्र त्या सुखाला उपचाराचे नाव देण्यापूर्वी पुराव्याची वाट पाहणे, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.